अक्काच्या वाटचं पाणी

किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला नाही, बहिणीला नाही, मरणाऱ्या वडिलांनाही नाही.

डायलिसिसच्या सिस्टर मला म्हणायच्या, "बरे झालात की लिहा हो सगळं, नव्या पेशंटला धीर येतो." बरं होऊन तीन वर्षं झाली. धीर देण्यासारखं माझ्याकडं थोडंच आहे. जे करू नये ते मात्र पुष्कळ आहे, म्हणून लिहितो.

खेळ

मी टेनिस खेळायचो. परभणीचा माणूस आणि टेनिस म्हटलं की लोक हसतात, म्हणून हे आधी सांगून टाकतो. गावात निजामाच्या काळातला एक साहेब लोकांचा क्लब होता आणि त्याला शेणामातीचं एक कोर्ट होतं. माझे वडील, आबा, तिथं मार्कर होते. सकाळी कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा ओढायच्या आणि संध्याकाळी साहेबांना चेंडू टाकून द्यायचे, हे त्यांचं काम. साहेब आले नाहीत की ते मला चेंडू टाकायचे. मी डावरा. जेवायला उजवा हात लावायला आईनं मारून शिकवलं, पण रॅकेट डाव्याच हातात राहिली.

बारा वर्षं मी व्यावसायिक खेळाडू होतो. शब्द मोठा आहे. जागतिक क्रमवारीत मी हजाराच्या आत एकदाच आलो आणि अकरा आठवडे राहिलो. आमच्या स्पर्धा सगळ्यात खालच्या पायरीवरच्या. बघायला कोण, तर पुढच्या मॅचचे दोन खेळाडू आणि कूलरवाला. आधी पात्रता फेऱ्या जिंकायच्या, मग मुख्य स्पर्धेत जागा मिळायची, तिथं पहिली मॅच जिंकली तर एक गुण. तो गुण वर्षभर टिकतो. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तो गळून पडतो. म्हणजे दुखलं म्हणून घरी बसलं, की माणूस बसल्या जागी खाली घसरतो. खांदा धरला तेव्हा पुण्याच्या एका डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली. तीन महिन्यांत माझ्याकडचं सगळं गळून गेलं असतं. मी गोळी घेतली.

आमच्या खेळात एक शिस्त आहे, ती कुणी शिकवत नाही. दुखणं सांगायचं नाही. आज ज्याच्याबरोबर तुम्ही एका खोलीत दोन खाटा जोडून झोपता, उद्या ड्रॉमध्ये तोच समोर येतो. तो सहज विचारतो, "खांदा कसाय रे?" आपण म्हणायचं, "फिट." खरं सांगितलं तर तो उद्या प्रत्येक चेंडू त्याच खांद्यावर उंच टाकणार. मीही तेच करायचो. म्हणून लंगडत असलो तरी जेवणाच्या हॉलमध्ये सरळ चालायचं. बॅग दुखऱ्याच खांद्यावर अडकवायची. बारा वर्षांत हे अंगात इतकं मुरतं की आई विचारो की देव विचारो, तोंडातून "फिट"च येतं.

मॅचच्या आधी एक गोळी, नंतर एक. दुहेरीची मॅच असली तर तिसरी. गोळ्या सेलूहून यायच्या. माझी थोरली बहीण, अक्का, सेलूत दिलेली. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, खाली औषधांचं दुकान आणि वर घर. दौऱ्यावर निघालो की मी सेलूला उतरून एक डबा घ्यायचो. दाजी विचारायचे, "चिठ्ठी कुठं हाय?"

"आमच्या टीमच्या डॉक्टरकडं हाय दाजी. पुण्याला."

टीम नव्हती आणि डॉक्टरही नव्हता. दाजी गल्ल्यावरून गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचे मेहुणे. परदेशात खेळायलेत." मी एकदाच परदेशात गेलो होतो, तेही पहिल्याच फेरीत हरून परत आलो होतो.

एकतिसाव्या वर्षी खेळ सुटला. त्याच क्लबात मी मुलांना शिकवायला लागलो. सकाळी सहापासून टोपलीतून चेंडू मारत राहायचं. खांद्याचं दुखणं होतंच. आता दाजींकडं मागायला लाज वाटायची, म्हणून परभणीतल्या वेगवेगळ्या मेडिकलमधून एक-एक पाकीट घ्यायचो. अशी आणखी बारा वर्षं.

तो दिवस

त्रेचाळिसाव्या वर्षी सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडाला गंजल्यासारखी चव. डोळे सुजायचे. मुलं म्हणायची, "सर, तुमी झोपला न्हाईत का?" मी पित्त समजत होतो. लघवीला फेस यायचा, तोही मी कुणाला सांगितला नाही. शेवटी मंगलनं, माझ्या बायकोनं, मला ओढत नेलं. रक्त तपासणाऱ्या माणसानं फोन करून पुन्हा बोलावलं. "मशीन चुकली असंल, परत एकदा देऊन जा," म्हणाला. मशीन चुकलेली नव्हती.

किडनीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा संभाजीनगरहून यायचे. त्या दिवशी सेलूहून सकाळच्या गाडीनं अक्का आणि दाजी आले होते. आम्ही चौघं त्या लहान खोलीत उभे. डॉक्टरांनी सोनोग्राफी उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन्ही किडन्या आक्रसल्यात. हे आजचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे." मग माझा कागद बघून विचारलं, "खेळाडू होतात म्हणता. दुखण्याच्या गोळ्या घ्यायचात?"

मी म्हणालो, "कधीमधी. एखादी."

विचार करून बोललो असं नाही. कुणीतरी दुखणं विचारलं आणि मी सवयीनं झाकलं. पण खोलीतून बाहेर पडेपर्यंत मला दुरुस्त करता आलं असतं. बाजूला दाजी उभे होते, मंगल रडत होती. मी गप्प राहिलो. हे दुसरं खोटं सवयीतलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

अक्का लगेच म्हणाली, "आमच्या माहेरच्या घरामागं हापसा हाय डॉक्टरसाहेब. लय खारं पाणी. भांड्याला पांढरा थर बसतो."

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "नेमकं कारण सांगता येत नाही."

घरी येईपर्यंत 'असू शकतं' मागं पडलं होतं. पाण्यानं झालं, असं ठरून गेलं.

निघताना दाजींनी मला व्हरांड्यात एका बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, "बाळू, त्या गोळ्या... खेळ सोडल्यावर बंद केल्या होत्या ना तुमी?"

"तवाच केल्या दाजी."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचा हात ओला होता.

मशीन

डायलिसिससाठी हातावर छोटं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडतात. डॉक्टरांनी विचारलं, "कामाचा हात कुठला? तो सोडून दुसऱ्यावर करू."

"जेवतो, लिहितो उजव्यानं. खेळायचो डाव्यानं."

"आता खेळता?"

"नाही."

"मग डावा."

तिथं बोट ठेवलं की आत एक थरथर लागते. ती लागली पाहिजे, लागली नाही तर बंद पडली समजायचं. रॅकेटला तारा ओढून झाल्यावर मी अशीच टिचकी मारून थरथर बघायचो. आता दिवसातून चार वेळा मनगट बघायचो.

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. सुया जाड असतात. पहिल्या दिवशी मी सुईकडं बघितलं, नंतर कधीच बघितलं नाही. नव्या पेशंटला एवढंच सांगेन की सुई टोचताना छताकडं बघा. शेवटच्या तासात पायात गोळे येतात, तेव्हा सिस्टरला लाजू नका, हाक मारा. आणि तहान. दिवसाला पाणी मोजून मिळतं, त्यातच चहा आणि वरणही धरायचं. बर्फाचा एक खडा जिभेखाली ठेवला तर अर्धा तास निघतो. सिस्टर घरून थर्मासमध्ये बर्फ आणायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं त्यांना.

बाजूच्या खाटेवर गायकवाड सर होते. पालमचे निवृत्त शिक्षक. पहाटेच्या एसटीनं यायचे आणि खाटेवर पडता पडता म्हणायचे, "चला, लावा गाडी सर्व्हिसिंगला." माझा खेळ त्यांना कळला तेव्हा म्हणाले, "टेनिस? म्हंजे टीव्हीवर पोरी हूं हूं करतेत ते?" मी कितीतरी दिवसांनी हसलो.

एकदा त्यांनी तोंड भिंतीकडंच ठेवून विचारलं, "गोळ्या खायचे का हो तुमी? दुखण्याच्या?"

"का बरं सर?"

"मी खायचो. गुडघ्यासाठी. मला इचारलं तवा मी सांगून टाकलं. पोरानं घरातलं सगळं औषध उकिरड्यावर फेकलं. बायकोबी तीच गोळी खायाची, तिची बंद झाली." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आपलं तर गेलं. घरात सांगून ठिवावं माणसानं. बाकीच्यांचं तरी वाचतंय."

मी म्हणालो, "माझं पाण्यानं झालं, सर."

त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. पावसाळ्यात एका सोमवारी त्यांची खाट रिकामी होती. सिस्टरनी चादर बदलली आणि दुसऱ्याला झोपवलं.

पाणी

माझ्या खोट्यानं आमच्या घरात काय काय केलं, ते लिहितो.

मंगलनं हापशाच्या दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं. जार सुरू केले. गल्लीतल्या चार घरांनीही तिचं ऐकून हापशाचं पाणी सोडलं. डोक्यावर घागरी घेऊन बाया लांबच्या टाकीवर जायच्या आणि जाताना माझ्याकडं दयेनं बघायच्या.

तो हापसा आबांनी घेतला होता, आम्ही लहान असताना. क्लबातल्या साहेबाच्या हातापाया पडून. आबा त्या कुलपासमोर खुर्ची टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले, "म्याच पाजलं रे तुला." मी म्हणालो, "तसं काही नसतंय आबा." एवढंच म्हणालो. त्या हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या आठवड्यात तोंडात पाणी घातलं तर ते आधी विचारायचे, "कुठलं हाय?"

बारा वर्षं मी घराबाहेर होतो, गावोगावचं पाणी प्यालो होतो, हा साधा हिशेब कुणाच्या ध्यानात आला नाही. मीही आणून दिला नाही.

आबांच्या तेराव्याला अक्का माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मी द्यायली तुला किडनी. ह्यांच्याशी बोलले."

"नको अक्का."

"नको काय? मी अठराव्या वर्षी नांदायला गेले, मनून सुटले. मी हितंच राहिले असते तर मलाबी झालं असतं. माझ्या वाटचं पाणी तू पेलास."

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या रक्तात तेव्हा इतकं विष साठलेलं होतं की चार पावलं चालून धाप लागायची. मला जगायचं होतं. मी गप्प बसलो.

संभाजीनगरला एका समितीसमोर आम्हाला बसवलं. कॅमेरा चालू होता. तिथं देणाऱ्याला विचारतात, कुणाची जबरदस्ती आहे का, पैसे ठरलेत का, का देताय. अक्कानं पदर सावरला आणि सगळं तसंच सांगितलं, हापसा, सेलू, वाटचं पाणी. त्यातल्या एका बाईंचे डोळे भरून आले. मग मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

ऑपरेशन ठीक झालं. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेखालच्या पिशवीत लघवी साठत होती आणि मंगल त्या पिशवीकडं बघून रडत होती. दीड वर्षानं मी पोटभर पाणी प्यालो. भिंतीपलीकडं अक्का कण्हत होती. आवाज ओळखीचा होता. मी ग्लास खाली ठेवला, पण रिकामा करूनच.

पाकीट

गेल्या उन्हाळ्यात मी सेलूला गेलो होतो. अक्का वरच्या खोलीत भिंतीला टेकून गहू निवडत होती. एक पाय लांब केलेला. थोड्या वेळानं तिनं शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली आणि तांब्या उचलला.

ते पाकीट मी अंधारातसुद्धा ओळखलं असतं. मागची चांदी फाडायचा आवाज मला ओळखीचा आहे.

"हे कधीपासून घेतीस?"

"दोन-तीन म्हैने झाले. गुडघे लय ठणकायलेत. ह्यांन्ला सांगू नको, खालून गुपचूप आणते. वरडतेत."

"डॉक्टरनं नको म्हणलं होतं ना तुला?"

"डॉक्टर सगळंच नको म्हणतेत. गोळीनं काय व्हायलंय? तुझं तर पाण्यानं झालं." मग सूप थांबवून माझ्याकडं बघितलं. "पाण्यानंच झालं ना रे?"

"हं," मी म्हणालो.

चार वर्षांनंतर, तिचंच मूत्रपिंड पोटात घेऊन, एकाच मूत्रपिंडावर जगणाऱ्या त्या बाईला मी "हं" म्हणालो. पाकीट खिशात घालून निघालो, जणू एका पाकिटानं काही होणार होतं. खाली दुकानात तशी शेकड्यानं होती.

वर्षाची तपासणी म्हणून मंगलकरवी मी तिचं रक्त तपासून घेतलं. किडनीचा आकडा थोडा वर गेला होता. आमचे डॉक्टर म्हणाले, "आत्ता थांबलं तर थांबेल. घेतात का त्या काही?"

मी या वेळी खरं सांगितलं. "घेते. मीही घ्यायचो. चोवीस वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझी जुनी फाइल समोरच होती. ती त्यांनी उघडली नाही. "आधी बहिणीला सांगा," एवढंच म्हणाले.

त्याच रविवारी गेलो. अक्का पुन्हा सूप घेऊन बसलेली. खाली दाजी कुणाला तरी खोकल्याचं औषध समजावून सांगत होते, त्यांचा आवाज वर येत होता.

"अक्का, पाण्यानं झालं नव्हतं."

"काय?"

"माझ्या किडन्या ह्या गोळ्यांनी गेल्या. खेळत होतो तेव्हा आणि शिकवत होतो तेव्हाही. रोज. डॉक्टरनी विचारलं तेव्हा तू शेजारी होतीस. मी खोटं बोललो."

तिचा हात थांबला. ती म्हणाली, "म्हंजे हापशाचं पाणी चांगलं होतं."

"हो."

"आबा तर..."

"हो अक्का."

"मला आदी सांगितलं असतंस तर..." आणि ती थांबली.

मी वाट बघितली. 'तरीबी दिली असती', असं ती म्हणेल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर निम्मा तेवढं ऐकायलाच मी गेलो होतो. ती म्हणाली नाही. सुपातला एक खडा उचलून तिनं फरशीवर ठेवला.

मग भिंतीला धरून उठली. ड्रॉवरमधली तीन पाकिटं काढून माझ्यापुढं टाकली. "हे घेऊन जा. न्हाई खायची मी आता." जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ह्यांन्ला मी सांगणार न्हाई. तुझ्या तोंडानं सांग."

खाली दाजी म्हणाले, "निघालाव का? चहा तर घेऊन जावा."

"गाडी हाय दाजी," मी म्हणालो. गाडीला पाऊण तास होता.

आता

मंगलला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जारवाल्याला म्हणाली, उद्यापासून येऊ नको. हापशाचं कुलूप गंजलं होतं, दगडानं तोडावं लागलं. गल्लीतल्या घरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एका म्हातारीनं विचारलं, "मग आमी चार वर्षं घागरी का वाहिल्या?"

हे वाचणाऱ्यानं एकच करावं. डॉक्टर विचारतील तेव्हा गोळीचं नाव, किती, कधीपासून, सगळं सांगावं, आणि घरातल्यांसमोर सांगावं. डॉक्टर तुमच्या विरुद्ध खेळत नसतात. मला हे कळायला बहिणीचं मूत्रपिंड लागलं.

अक्काचा आकडा गेल्या तपासणीत तिथंच थांबलेला आहे. ती फोनवर माझ्याशी बोलते, तब्येत विचारते, लवकर ठेवते.

दाजींना अजून सांगितलेलं नाही. पहिल्या बारा वर्षांचे डबे त्यांच्या हातून आले होते. मी खरं बोललो की ते डबे त्यांना दिसत राहणार, आणि आपल्याच बायकोनं किडनी कशासाठी दिली तेही दिसणार. हे कागद छापायला देण्याआधी मी त्यांच्या काउंटरवर ठेवणार आहे आणि ते वाचेपर्यंत समोरच्या स्टुलावर बसणार आहे. त्यांनी मला व्हरांड्यात एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी त्यांना देणं लागतो.